प्रभारी आक्का

आमच्या नगरपालिकेत आक्कांनी सही केलेला कागद लांबून ओळखू यायचा. त्यावर पिठाची बोटं उमटलेली असायची. नगराध्यक्ष दुखणं घेऊन मुंबईला गेले आणि उपनगराध्यक्ष म्हणून सगळा कारभार आक्कांकडे आला, तरी बाईंनी आपली पिठाची गिरणी काही सोडली नाही. मी पालिकेत कारकून. फायली काखोटीला मारून गिरणीत जायचो आणि पांढराफटक होऊन परत यायचो.

आक्कांचं माहेर राजूरकडचं, आवाज गिरणीच्या घरघरीवरून ऐकू जाईल असा. दोन गटांच्या भांडणात उपाध्यक्षपद त्यांच्या पदरात पडलेलं. बाई सांगू तिथं सही करील, असा सगळ्यांचा होरा. पण गिरणीत कुणी "आक्का, डबा तेवढा घरी धाडा" म्हणालं, की बाई फटकन म्हणायच्या, "दळन ज्याचं त्यानं आनायचं, अन् पीठ ज्याचं त्यानं न्यायचं. मी काय हमाल हाय व्हय?"

सत्तरच्या दशकाची सुरुवात ती. गावात तेव्हा टोपलीचे संडास. सखूबाई रोज मागच्या बोळांतून मैला डोक्यावरून वाहून न्यायची. ती थकली, तेव्हा तिच्या जागी तिची लेक पारू लावायचा कागद मी सहीला नेला. पारू नुकतीच सातवी पास झालेली. आक्कांनी कागद वाचला आणि गिरणी बंद केली. भर सकाळी, दळणाची रांग लागलेली असताना!

"सही करा आक्का, पोट हाय," माझ्यामागून आलेली सखूबाई म्हणाली.

"पोरीला काम देते. पन तिच्या डोक्यावर टोपली देनार न्हाई."

डोक्यावरून मैला वाहणं बंद, कामाला हातगाड्या, आणि हळूहळू टोपल्याच काढायच्या, असा ठराव त्यांनी मांडला. सभा हसली. आमचे वजनदार सभासद तात्या म्हणाले, "आक्का, प्रभारींनी नुसत्या सह्या कराव्यात. सोमवारी अध्यक्ष येतायत, ते बघतील." म्हणजे ठराव बासनात गेला, हे माझ्यासारख्या कारकुनालाही कळत होतं.

शनिवारी शेवटची सभा होती. सगळे जमले, आक्काच नाहीत. तेवढ्यात बाजारातून गलका उठला. काय सांगू! आक्का चालत येत होत्या आणि डोक्यावर तात्यांच्या घरची टोपली, मागच्या बोळातून स्वतः उचललेली. माणसं नाकाला उपरणी लावून भिंतीला चिकटली. पालिकेच्या पायऱ्यांपाशी त्या थांबल्या. आम्ही सगळे दारात.

"तात्या, ही तुमची. ज्याचं त्यानं न्यायचं. लावा हात, उतरवू द्या."

कुणी हलेना. गर्दीतून सखूबाई धावली. आक्का म्हणाल्या, "तू न्हाई सखू. तू लई उतरवल्यास." मान थरथरत होती, नजर नाही. शेवटी तात्या पुढे आले. तोंड लालबुंद, पण हात लावला. ठराव एकमताने झाला. असली छाती मी पुन्हा कुणाची पाहिली नाही.

सोमवारी अध्यक्ष आले, आक्का गिरणीत गेल्या. पुढच्या निवडणुकीत पडल्या. वर म्हणतात कशा, "बरं झालं, दळनं तुंबली हुती."

पारू दवाखान्यात कामाला लागली, तिथंच नर्स झाली. आक्का गेल्या तेव्हा तिरडी उचलायला ती पुढे आली. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसानं खांदा देऊ नये."

पारूनं पदर खोचला. "आक्का आमची हाय," ती म्हणाली. "अन् ज्याचं त्यानं न्यायचं."