बाईंनी न लिहिलेला आकडा

"पयला आकडा कुत्र्याचा नाही, त्याच्या भेवाचा असते," असं म्हणून बाई मशीनवरचा पहिला रक्तदाब खुशाल सोडून देत. वहीत लिहीतच नसत.

भंडाऱ्यात माझा जनावरांचा दवाखाना आहे. बाई तिथे मदतनीस. कोंढा गावच्या, सातवी शिकलेल्या. सकाळी "जय भीम, म्याडम" म्हणत आल्या की दवाखान्याला शिस्त लागे.

तुम्ही त्यांना मोजताना पाहायला हवं होतं! दार लोटलेलं, मालकासकट सगळे गप, आणि बाई कुत्र्याशेजारी फतकल मारून दहा मिनिटं नुसत्या बसलेल्या. मी बाहेरच्या गर्दीकडे बघून चरफडत असे. "काहून घाई करून राहिल्या? त्याले घरच्यासारखं वाटू द्या नं." मग पाच वेळा मोजून सरासरी काढत.

एकदा कारध्याचा एक मासेमार आपला म्हातारा कुत्रा, राजा, घेऊन आला. "याले दिसत नाही जी," म्हणाला आणि रिक्षा थांबवून ठेवायला बाहेर गेला. मी घाईघाईत राजाच्या पायाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला. एकशे नव्वद! रक्तदाबानंच डोळे चालले, दुसरं काय? मी तो उतरवायच्या गोळ्या काढल्या.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्याडम, हा पट्टा या पायाले लहान हाय. आकडा वाढूनच येते. मी नाही लिहीत."

मोठा पट्टा फाटलेला होता, नवा आला नव्हता.

"डॉक्टर कोण आहे इथे?" मी खेकसले.

"तुमीच. पण चुकीच्या गोळीनं हा चक्कर येऊन पडंन, त्याचं काय?"

त्यांनी टेपनं शेपटी मोजली. तोच पट्टा शेपटीच्या बुडाशी नेमका बसला. राजाला थोपटत पाच वेळा मोजलं. एकशे पस्तीस, म्हणजे ठीकच. डोळ्यांत साधा मोतीबिंदू होता. मी मेलीनं नीट पाहिलंच नव्हतं.

मालक आत आला तशा मी गोळ्या खिशात लपवल्या. बाई त्याला म्हणाल्या, "म्याडमनं पुन्हा मोजाले लावलं, म्हणून तुमचा राजा वाचला." त्यानं मला हात जोडले. आणि मी गप्प राहिले! त्याची अजून लाज वाटते.

यंदा बाई कावीळ होऊन गेल्या. आठ दिवसांत खेळ आटोपला.

महिन्यानं तो मासेमार आला. हातात मरळ माशांची पिशवी, मागे राजा. "तुमच्यामुळं हाय जी हा." मला राहवेना. बाई गेल्याचं आणि त्या दिवशीचं सगळं त्याला सांगून टाकलं.

त्यानं पिशवी टेबलावर ठेवली. "मंग बाईले हात जोडाचे राहूनच गेले, म्याडम."

"माझेही," मी म्हटलं.