जिवंत उदाहरण

फळ्यावर शब्द लिहून झाला की सर खडू खाली ठेवायचे, वर्गावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “पुस्तकातलं उदाहरण नको. जिवंत हवं.” मग ते बोट कुणावर तरी थांबायचं.

इंदिरानगरमध्ये एका मेडिकल दुकानाच्या वर त्यांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास होता. तुम्हीही कधी अशा क्लासला गेला असाल, पण आमच्या सरांची पद्धत न्यारी. रोजच्या बोलण्यातली इंग्रजी क्रियापदं ते समोरच्या माणसांवरूनच शिकवत. ‘डोझ ऑफ’ म्हणजे डुलकी लागणं, हे रात्रपाळी करून येणाऱ्या वॉचमनवरून. ‘शो ऑफ’ म्हणजे मिरवणं, हे नव्या फोनवाल्या बाईंवरून. आम्ही पोट धरून हसायचो आणि शब्द डोक्यात पक्का बसायचा, हे कबूल करायलाच हवं.

‘पिक ऑन’ म्हणजे विनाकारण एकाच माणसाच्या मागे लागणं. याला एक दिवस पुरणार नाही, आठवडा लागेल, असं सर म्हणाले. त्यासाठी त्यांनी माझ्याच कंपनीतला एक मशीन ऑपरेटर निवडला. नांदगावकडचा, चाळिशीचा, पहिली शिफ्ट संपवून सातपूरहून थेट यायचा. सुपरवायझरच्या एकाच जागेसाठी आम्हा दोघांची इंग्रजीतून मुलाखत होती, म्हणून तर क्लास लावलेला.

सर रोज त्यालाच उभं करत. त्याने तोंड उघडण्याआधीच वर्ग हसायचा, सगळ्यात आधी मी. खोटं कशाला बोलू, तो अडखळला की मला बरं वाटायचं.

सहाव्या दिवशी तो म्हणाला, “सर, आता दुसऱ्या कुणाला उठवा. परवा मुलाखत हाय माझी.”

“अर्थ कळला ना? मग वाक्यात वापरा.”

“सर पिक्स ऑन मी,” तो म्हणाला. वाक्यात एकही चूक नव्हती. सरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

मुलाखतीतून तो दोन मिनिटांत बाहेर आला. काय झालं, मी विचारलं.

“खुर्ची दिली तरी उभाच राहिलो. आधी हसतील, मग बोलू म्हणून थांबलो. कुणी हसलंच नाय.”

जागा मला मिळाली. सरांनी माझा फोटो क्लासच्या दारावर लावला. तेव्हा मला लाज वाटली नाही, ती फार उशिरा वाटली.

गेल्या महिन्यात सर वारले. ती बातमी मीच त्याच्या मशीनपाशी जाऊन सांगितली. त्याने मशीन बंद करून हात पुसले.

“चांगले शिकवायचे,” तो म्हणाला. “बाकी सगळं विसरलो, साहेब. तो एक शब्द अजून येतो.”