श्यामलाबाईंच्या वर्गातलं इंग्रजी भांडण

श्यामलाबाईंना गोड बोलता येत नाही. काटेवाडीहून स्कूटीवर येतात आणि हेल्मेट काढायच्या आधी कुणाला तरी झापतात. निमगाव केतकीच्या अलीकडं वस्तीवर आमची दोनच शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी त्यांच्याकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं शिकवतोय, पण आमचं पटलं असा दिवस मला आठवत नाही.

तरी सांगतो, लहान पोरांना इंग्रजी शिकवावं तर त्यांनीच. त्यांच्या वर्गात भांडायला परवानगी आहे, फक्त इंग्रजीत. पेन्सिल ओढली, कुणी रांगेत घुसलं, अशी तक्रार मराठीत घेऊन गेलात तर बाई ढिम्म हलत नाहीत. "इट्स माइन! गिव्ह इट बॅक!" असं ओरडलं तरच न्याय. पोरं भांडायला शब्द कमी पडतात म्हणून बाईंच्या मागं लागायची. पाढ्यांसाठी माझ्यामागं कुणी कधी लागलं नाही.

तालुक्याचे एक साहेब तपासणीला आले, त्यांनी हे पाहिलं आणि तिथंच आमच्या शाळेचं वाटोळं झालं. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला त्यांनी बाईंनाच नेमलं. इंदापुरात एका मंगल कार्यालयात बाप्ये-बाया सतरंजीवर बसून पहिलीची मुलं व्हायचे, बोबडं बोलत खोटंखोटं भांडायचे आणि साहेब फोटो काढायचे. दुपारी मसालेभात. इकडं बाईंची खरी पोरं माझ्या खोलीत कोंबलेली. एक प्रशिक्षण संपलं की दुसरं उभं. पोरं पुन्हा मराठीत भांडायला लागली.

गावाला डोळे असतात. खासगी इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन वस्तीवर यायला लागली आणि दोन घरची पोरं तीत चढली. मग एक दिवस लोणी देवकरला कंपनीत जाणाऱ्या संभाजीरावांनी मोटरसायकल शाळेच्या दारात आडवी लावली.

"बाई, तुमचं इंग्रजी लई भारी हाय म्हणत्यात. पर आमच्या संस्कृतीला ते कवा ऐकाया मिळायचं? सोमवारी दाखला द्या तिचा."

संस्कृती म्हणजे पहिलीतली सगळ्यात भांडखोर पोरगी. बाईंचा तिच्यावर फार जीव. बाईंचा आवाज मी पहिल्यांदा खाली आलेला ऐकला. "सोमवारपर्यंत मी वर्गात आहे. तिला शिकवते. मग ठरवा."

त्याच दुपारी फोन आला, गुरुवारी पुन्हा इंदापूर. बाईंनी नाही म्हटलं. साहेब म्हणाले, आदेश आहे, कारवाई होईल. बाईंनी फोन बंद केला, घरोघर जाऊन आयांना विचारलं आणि गुरुवारी पोरं जीपमध्ये भरली. संस्कृतीच्या आईनं, सारजानं, हो म्हटलं होतं. नवऱ्याला तिनं सांगितलं नव्हतं. माझी पोरं घेऊन मी एकटा मागं काय करू, म्हणून आम्हीही निघालो.

साहेब दारातच भडकले. "पोरं कशाला आणली?"

"ती आहेत तिथंच मी शिकवते," बाई म्हणाल्या. जमलेल्या शिक्षकांकडं पाठ करून त्यांनी आपला तास सुरू केला. मागून कुणीतरी कुरकुरलं, आम्हाला काही दिसत नाही. "तुमच्यासाठी नाही आले," बाईंनी मान न वळवता सांगितलं.

अर्ध्या तासात संभाजीराव आले, कंपनीच्याच कपड्यांत. कुणीतरी कळवलं असणार. "माझी पोरगी कुणाला इचारून हितं आणली?"

साहेबांनी त्यांना बाहेर व्हायला सांगितलं. संभाजीरावांनी सतरंजीभर नजर फिरवली. "हितं एवढं मास्तर बसल्यात. मग आज शाळंत कोण हाय?"

मला लाजही वाटली आणि त्या माणसाचा रागही आला. त्यांनी सरळ जाऊन पोरीचा दंड धरला. फळ्यावर आधी कोण लिहिणार यावरून तिचं आणि वर्गातल्या माऊलीचं नुकतंच जुंपलं होतं. तिनं दंड हिसडला आणि बापावरच ओरडली, "नो! माय टर्न! यू वेट!"

संभाजीरावांचा हात सुटला.

"ऐकलंत ना? थांबा," बाई म्हणाल्या. आणि तो तापट माणूस तास संपेपर्यंत दाराला टेकून उभा राहिला.

सोमवारी दाखला मागायला ते आले नाहीत. साहेबांनी शिस्तभंग म्हणून बाईंचं नाव प्रशिक्षणातून कायमचं काढून टाकलं. ही शिक्षा ऐकून बाई इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून पोरं बघायला आली.

पण प्रशिक्षणं कुठं बंद पडतात? बाईंच्या जागी आता माझी नेमणूक झाली आहे. मला इंग्रजी येत नाही हे साहेबांना पक्कं ठाऊक आहे. येत असतं तर मीही उलट बोललो असतो. निवृत्ती तोंडावर आलेली, कारवाई अंगावर घ्यायची माझ्यात धमक नाही, म्हणून मी जातो असं कळवलं. बाईंनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलंय.

संभाजीरावांना बाहेरून कळण्याआधी मीच सांगायला गेलो, कारण त्यांचा थोरला, सिद्धू, माझ्या चौथीत आहे. ते गोठ्यात धार काढत होते. सगळं ऐकून घेतलं, आवाजही चढवला नाही.

"मग सिद्धूचा दाखला कवा मिळंल, गुरुजी?"