रिकाम्या झोळीचं वजन

भूत, भानामती, अंगात येणं... या सदरात लोक जे जे लिहून पाठवतात ते मी वाचते, थोडी हसते आणि अंक बाजूला ठेवते. मी नर्स-मिडवाइफ होते. जन्म आणि मरण दोन्ही हाताच्या अंतरावरून पाहिलं, त्यात भुताचा हात मला कधी दिसला नाही. जंतांचा दिसला, काविळीचा दिसला, गंजलेल्या विळ्याचा दिसला. तरी हे लिहायला बसलेय, कारण माझे मिस्टर मागच्या वर्षी गेले आणि ही गोष्ट माहीत असलेली मी एकटीच उरले.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी वर्धा जिल्ह्यात आष्टीला होते. बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं मातृ-बालसंगोपन केंद्र. आई आणि मुलं जगावीत म्हणून सरकारने नवी योजना काढली होती — गरोदर बायांना तपासायचं, खेड्यांतल्या सुइणींना उकळलेलं ब्लेड वापरायला शिकवायचं, आणि बाजाराच्या दिवशी मुलांची वजनं करून अशक्त मुलांना दूध पावडर द्यायची. माझ्या मदतीला गवराबाई होत्या. तिथल्याच जुन्या सुईण, तोंडाच्या फटकळ, हाताच्या हलक्या.

त्या उन्हाळ्यात माझं पहिलं बाळंतपण हिंगणघाटला सासरी झालं. मुलगी. जन्मली ती गेलेलीच. मला तापात शुद्ध नव्हती. मिस्टर तिला घेऊन गेले आणि नदीकाठी पुरून आले. मी तिचं तोंड पाहिलं नाही. कोणासारखी होती, केस होते का, वजन किती होतं... कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. साऱ्या तालुक्याच्या मुलांची वजनं मी करायची, माझ्या मुलीचं तेवढं राहून गेलं.

रजा संपली तशी ड्यूटीवर हजर झाले. मिस्टर गिरणीत कारकून, ते हिंगणघाटलाच राहिले. मला रडू आलं नाही. जेवत होते, झोपत होते, कुणी बोललं की उत्तर देत होते, आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. लोकांना वाटलं बाई खंबीर आहे.

आमचा वजनकाटा दाराच्या तुळईला टांगलेला असे. गोल तबकडी, आत स्प्रिंग, खाली कापडाची झोळी. ती झोळी फाटली. नवं कापड वरून मंजूर होऊन येईपर्यंत मुलं लग्नाची झाली असती! माझ्या ट्रंकेत एक दुपटं होतं, आईने जुन्या लुगड्याचं दुहेरी शिवलेलं, माझ्या मुलीसाठी. तेच काढून बांधलं. फार विचार केला नाही. कापड ते कापड.

रिकामी झोळी लटकवली आणि काटा सरकत जाऊन साडेपाच पौंडांवर थांबला.

स्प्रिंग बसली असेल म्हणून, ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं, वरचा स्क्रू फिरवून मी काटा शून्यावर आणला. पहिली आली शेवंता, आपल्या पोरीला घेऊन. पोरगी चांगली गुटगुटीत. झोळीत घातली, आकडा पाहिला, तर मागच्या बाजारापेक्षा पाच पौंडांहून जास्त कमी.

"बाई," शेवंता म्हणाली, "माह्या पोरीचं अर्धं आंग रस्त्यात सांडलं का काय?"

बाया हसल्या. मी झोळी सोडली, टॉवेल बांधला, स्क्रू परत जागेवर आणला. काटा मुकाट्याने शून्यावर. पोरगी टॉवेलात घातली, वजन बरोबर, उलट थोडं वाढलेलंच. म्हणजे त्या दुपट्याला रिकामं असताना वजन होतं, आणि आत मूल ठेवलं की ते वजन नाहीसं व्हायचं. बाकावर कुणी आलं की आपण सरकून जागा देतो तसं.

सगळ्या बाया गेल्यावर मी ते दुपटं पुन्हा बांधून पाहिलं. साडेपाच पौंड. हातात घेतलं तर पिसासारखं हलकं.

घाबरले का? नाही. तेव्हा मला घाबरायलाही जमत नव्हतं.

पुढच्या बाजारी मुलांची वजनं टॉवेलात केली. दुपारी दार लोटून घेतलं आणि दुपटं बांधलं. काटा साडेपाचाच्या पुढे गेला होता. त्याच्या पुढच्या बाजारी आणखी थोडा पुढे. निरोगी, अंगावर पिणाऱ्या मुलाचं वाढतं ना, अगदी तसं. मला दुसरं काही सुचेना. आठवडाभर मी त्या दुपारची वाट पाहायची. मिस्टरांचा निरोप आला की दिवाळीला घरी ये, तर मी कळवलं, रजा नाही. रजा होती. पण मध्ये बाजाराचा दिवस येत होता.

एकदा गवराबाई विसरलेली पिशवी न्यायला परत आल्या. रिकामी झोळी, पुढे गेलेला काटा आणि समोर स्टुलावर बसलेली मी, एवढं त्यांनी पाहिलं.

"हे कोन्या लेकराचं दुपटं व्हय, बाई?"

मी सांगितलं.

"आमच्यात लेकरू गेलं का त्याच्यासाठी केलेलं कापड त्याच्यासंगच मातीत देतेत. नाई देलं तं लेकरू तिथंबी नाई अन् इथंबी नाई. तुमाले कोनं सांगतलं नाई?"

"असल्या गोष्टी मला सांगू नका, गवराबाई."

"बरं, नाई सांगत. पन तुमीबी ना तिथं हाय, ना इथं." पिशवी उचलून त्या गेल्या.

दिवाळी झाली, मी गेले नाही. मग मिस्टरच आले. नेमके बाजाराच्या दुपारी. दार ढकलून आत आले, माझ्याकडे पाहिलं, झोळीकडे पाहिलं. दुपटं त्यांनी ओळखलं. ते यंत्र कसं वाचायचं हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून मीच म्हणाले, "अहो, बघा ना, रिकामी आहे. तरी काटा खाली येत नाही."

ते पुढे झाले आणि झोळीखाली दोन्ही हात घातले, तान्ह्याला उचलताना एक हात मानेखाली घेतात तसे. काटा हळूहळू शून्यावर आला.

हात तसेच ठेवून म्हणाले, "घरून निघालो तवा हलकीच होती. मले वाटलं, असाच पोचतो. पन नदीपर्यंत जाता जाता हात भरून आले माहे. दोनदा खाली बसलो. तुले काऊन सांगू, तू तापात होती... मंग सांगाचं राहूनच गेलं."

त्यांच्या हातांखालून मी माझे हात लावले. मला वजन लागलं. आणि मग मला रडू आलं, इतक्या महिन्यांचं, गल्लीतल्या बाया दारात जमेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं हिंगणघाटला गेलो. नदीकाठची जागा त्यांनी दाखवली, दुपटं तिथे पुरलं. त्यानंतर त्या काट्याने कधी कुरकुर केली नाही.

तो मी नंतर उघडून पाहिला, मेकॅनिकला दाखवला, दमट हवेचा, कापडाचा, माझ्या डोक्याचा, सगळ्यांचा विचार करून झाला. खुलासा मिळाला नाही आणि आता मिळेल असंही वाटत नाही. पुढे मला दोन मुलगे झाले, त्यांची जन्माची वजनं विचाराल तर आठवून सांगावी लागतील. मुलीचं आठवावं लागत नाही. साडेपाच पौंड.