फोटोतला बेल्ट

या फोटोतला सेफ्टी बेल्ट छोटेलालजींचा नव्हता.

कुणाचाच नव्हता. पेंटर पाच, बेल्ट एक. हुकावरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. झूम केलंत तर दिसेल.

लखनौमधल्या आलमबागच्या आमच्या साइटवर त्या दिवशी ट्रेनिंग होतं. सेफ्टी सुपरवायझर मी. एकाला बेल्ट बांधायचा, फोटो काढायचा, सोडवून पुढच्याला बांधायचा. मग तो स्टोअरला परत.

छोटेलालजी हरदोईचे. माझ्याहून मोठे, तरी मला भैया म्हणत. बकल त्यांच्या पोटावर लागेना.

"भैया, ये किसी दुबले आदमी का कानून है."

आणि हसले. तेवढ्यात मी क्लिक केलं.

कायदाही मीच सांगितला होता. उंचीवरच्या कामाला बेल्ट देणं ही मालकाची जबाबदारी. नसेल तर चढायला नकार द्या.

त्यांनी विचारलं, "मना कर देंगे. फिर कल आएँ कि न आएँ?"

"अगला पॉइंट," मी म्हणालो.

ते शेडच्या गर्डरवरून पडले, तेव्हा बेल्ट स्टोअरमध्ये होता. मी खाली उभा होतो. अंगावर बेल्ट नाही, हे मला दिसलं होतं.

त्याच संध्याकाळी मॅनेजरनं ट्रेनिंगचा फोटो मागवला. बेल्ट साफ दिख रहा है, म्हणाला. मी पाठवला. आता फाइलमध्ये लिहिलंय की बेल्ट दिला होता, कामगारानं घातला नाही.

खाली माझी सही आहे.

दोन दिवसांनी त्यांच्या पत्नीनं, भाभींनी, फ्रेमसाठी फोटो मागितला. मी मोबाइल पुढे केला.

"यही वाली दे दीजिए, भैया. इसमें हँस रहे हैं."

आज तेरावं झालं. हार त्याच फोटोला. बेल्टसकट.

भाभींना विचारूनच इथे टाकलाय.

उद्या अकराला चौकशी आहे. फाइलमध्ये फोटो एक. माझ्या मोबाइलमध्ये पाच. पाच माणसं, तोच बेल्ट, हुकावर तेच प्लास्टिक. बाकीचे चार इथे टाकत नाही, त्या चौघांना अजून तिथेच चढायचंय. अधिकाऱ्यांना दाखवीन. सहीचंही सांगेन.

दुपारपासून तीनदा गॅलरी उघडून पाहिली. आहेत.

बायको म्हणाली, "उद्या सांगणारच आहेस ना? मग आज पोस्ट कशाला?"

कारण मध्ये एक रात्र आहे. पाच फोटो डिलीट करायला किती वेळ लागतो? आणि मला मी माहीत आहे.

मराठीत लिहितोय. ऑफिसात कुणाला चटकन कळणार नाही, हा विचारही त्यात आहे. तेवढा मी अजून घाबरतोय.

तुम्ही मात्र वाचून ठेवा. उद्या दुपारी मला फोन करून विचारा, सांगितलंस का.

छोटेलालजी, तुम्ही नकार दिला असतात तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला कामावर घेतलं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

श्रद्धांजली उद्या वाहीन. सांगून झाल्यावर.