गाजरांचा निकाल

प्राणिसंग्रहालयात माकडांना खाऊ घालणाऱ्या गड्याला सगळे मामा म्हणत. माकडांना बोलता आलं असतं, तर तीही दुसरं काही म्हणाली नसती. तीस वर्षांत मामांनी एक नेम मोडला नाही. तुकडे सारखे कापायचे, सगळ्यांना एकदम वाटायचे आणि मग दोन्ही हात पालथे-उलथे करून दाखवायचे. हात रिकामे दिसल्याशिवाय एक माकड घास तोंडाला लावील तर शपथ!

पण खरी गंमत झाली ती पाण्यावरून. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला, आणि संग्रहालयाच्या नव्या साहेबांनी हुकूम काढला : आवारातल्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांना चार तास पाणी, कामगारांच्या खोल्यांना अर्धा तास. इकडे मामांची लेक बाळंतपणाला आलेली. दहा दिवसांचं नातवंड, आणि दुपट्यांचा हा डोंगर! अर्ध्या तासात बाळ धुवायचं की दुपटी?

मामी कडाडल्या, "माकडांना न्याय, आणि घरच्यांना ठेंगा? जा, बोला साहेबांशी!"

मामा गेले. साहेब हसून म्हणाले, "अहो मामा, स्वतःपुरतं मिळालं की माणूस दुसऱ्याच्या ताटात बघत नाही."

"असं म्हणता? मग आज खाऊ तुम्हीच घाला की, साहेब."

साहेब खूश. त्यांनी आपल्या रीतीने वाटप केलं. दांडग्या हुप्प्याला केळी, "तो वरिष्ठ ना!" बाकीच्यांना गाजरं. हीच गाजरं काल सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली होती. आज म्हाताऱ्या माकडिणीने हातातल्या गाजराकडे पाहिलं, हुप्प्याच्या केळ्याकडे पाहिलं आणि नेम धरला. पहिलं गाजर थेट साहेबांच्या चष्म्यावर! मग काय, गारपीटच.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "जनावरं ती जनावरंच! माणसं असं करतात का कधी?"

"छे हो! माणसं गाजरं नाही, अर्ज फेकतात. तुमच्या दाराशी सगळ्या खोल्यांतल्या बायका अर्ज घेऊन बसल्यात. आमची ही सगळ्यांत पुढे आहे," मामा म्हणाले.

साहेबांनी गाजरांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि उभ्या उभ्या हुकूम बदलला. सगळ्यांना दोन-दोन तास!

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. बाळ न्हालं, दुपटी दोरीवर चढली, लेक कितीतरी दिवसांनी निवांत निजली. मामी मात्र कुंपणावरून बंगल्याच्या नळाकडे टक लावून उभ्या.

"अहो, त्यांची धार जाड दिसते."

"तुझी बादली भरली ना?"

"भरली. पण त्यांची आधी भरली!"

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. मग कोणी बघत नाहीसं पाहून हळूच स्वतःही टाचा उंचावल्या.