तो तिला माय म्हणायचा

नवरा वाळूजच्या कंपनीतून निवृत्त होऊन घरी बसला, तेव्हा मला त्याच्या गप्पपणाचीच धास्ती होती. माणूस वाईट नाही. पण बोलणं मोजकं. चहा झाला का, लाईट गेली वाटतं, गॅस संपत आलाय. मुलगा पुण्यात नोकरीला. मी शाळेत शिकवते. दुपारी घरी आले की हा टीव्हीसमोर बसलेला असायचा, आणि टीव्हीचा आवाज बंद.

एकदा तो बिडकीनजवळच्या त्यांच्या गावाहून मोटरसायकलवर परत येत होता. रस्त्याच्या कडेला नालीत एक कुत्री पडलेली दिसली. कुठल्यातरी गाडीनं उडवलेली, मागचा पाय लोंबत होता. त्यानं जखमी जनावरं सोडवणाऱ्या एका संस्थेला फोन लावला, त्यांची गाडी येईपर्यंत उन्हात उभा राहिला आणि मग गाडीच्या मागोमाग दवाखान्यापर्यंत गेला. पायात सळई घातली. संस्थेकडं ठेवायला जागा नव्हती. तिथल्या मुलीनं विचारलं, "काका, पाय भरून येईपर्यंत घरी ठेवाल का? तोवर आम्ही तिच्यासाठी कायमचं घर शोधतो." हा हो म्हणाला आणि मोटरसायकल तिथंच ठेवून रिक्षानं आला. मला आल्यावर सांगितलं, आणि तेही कुत्री रिक्षातून उतरवता उतरवता.

पण मला खटकलं ते हे नव्हतं.

संध्याकाळी मी पोळ्या करत होते. घरामागच्या ओट्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या अगदी खाली, त्यानं तिच्यासाठी जुनी गोधडी अंथरली होती. गळ्यातल्या प्लास्टिकच्या कॉलरमुळं तिला पाणी पिता येत नव्हतं, म्हणून तो वाटी तिरकी धरून बसला होता. आणि बोलत होता.

"लई दुखतंय व्हय माय? नाय, नाय. आता नाय दुखणार. मी हाय की इथं."

तव्यावरची पोळी करपली.

लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण ही बोली मी आमच्या घरात कधी ऐकली नव्हती. गावी भावांमध्ये बसल्यावर तो असं बोलतो हे माहीत होतं, पण मी चहा घेऊन गेले की त्याची भाषा बदलायची. माझ्याशी तो कायम पुस्तकातल्यासारखं बोलला. माझं माहेर शहरातलं, वडील मास्तर. त्याचं बोलणंच तेवढं आणि तसं, असं मी धरून चालले होते. आता कळलं की दुसरं बोलणं होतं, भरपूर होतं, आणि ते एका भटक्या कुत्रीला मिळत होतं.

नंतर रोजच सुरू झालं. तो तिला सगळं सांगायचा. कंपनीतला कोण साहेब कसा त्रास द्यायचा, आई ज्वारीची भाकरी कशी थापायची, विहिरीत पोहायला कुणी ढकललं. लहानपणी त्याचा एक कुत्रा होता आणि शिकायला मामाकडं जाताना तो गावातच सोडावा लागला, हे मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून कळलं. मी भाजी चिरत उभी राहायचे आणि ऐकायचे. तो आत आला की नळ सोडायचे.

मला तिचा मत्सर वाटू लागला. दुसरा शब्द नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला एका लंगड्या कुत्रीचा मत्सर वाटतो, हे शाळेतल्या मैत्रिणींनाही सांगता येईना. मला ताप आला तेव्हा नवऱ्यानं गोळी आणून दिली आणि "विश्रांती घे" म्हणाला. त्याच आठवड्यात ती नुसती शिंकली, तर तिला रिक्षात घालून छावणी भागातल्या जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. येताना तिला मांडीवर घेतलेली. मी दारातूनच विचारलं, "मला कधी नेलंत असं?" तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

मग मीच संस्थेतल्या मुलीला फोन करायला लागले. घर मिळालं का? कुणी विचारलं का? आवाजात काळजी असायची. मला त्या कुत्रीची ब्याद टळायला हवी होती.

पाय टेकून ती चालायला लागली आणि एका रविवारी छावणीतल्या एक बाई तिला बघायला आल्या. भल्या बाई होत्या. मोठं अंगण, आधीचं म्हातारं कुत्रं नुकतंच गेलेलं, घरात सगळ्यांना हौस. त्या ओट्यावर सरळ फरशीवरच बसल्या आणि हात पुढं केला. कुत्री गेली. जराही आढेवेढे न घेता गेली, त्यांचा हात चाटला आणि मांडीवर डोकं टाकून पडली.

"बघा, ओळख असल्यासारखी," बाई म्हणाल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. इतके दिवस हिला खाऊपिऊ कुणी घातलं? शाळेतून आल्या आल्या हिची हळद-दुधाची वाटी कुणी भरली? ही बया येते काय आणि कुत्री तिच्या मांडीवर पडते काय. मी त्या बाईंच्या साडीवर पडलेल्या लाळेकडं बघत राहिले, आणि त्या लाळेचाही मला हेवा वाटला.

नवरा चहा न पिता उठून आत गेला. पुढच्या रविवारी न्यायला येते, असं सांगून बाई गेल्या.

त्या आठवड्यात खिडकीखालून काही ऐकू येईना. तो वाटी ठेवायचा, पाठीवर हात फिरवायचा आणि उठायचा. कुत्री त्याच्या मागं बघत बसायची. गुरुवारी मी शाळेतून आले, पर्स ठेवली आणि ओट्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"बोलत का नाही तिच्याशी?"

"जायचीय ना आता. कशाला सवय लावायची?"

"नाही म्हणून सांगा त्या बाईंना."

"तुला नकोय ती. तू कधी हात तरी लावलास का तिला माझ्यासमोर?"

"तुम्ही तिच्याशी बोलता तसं माझ्याशी कधी बोललात?" मी म्हणाले. बोलायचं ठरवलं नव्हतं. बोलल्यावर लाजही वाटली.

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. तो कुत्रीच्या कानामागं खाजवू लागला.

"तुमच्याकडं सगळे चांगलं बोलायचे," तो म्हणाला. "तुझे वडील तर एकेक शब्द तोलून. मला वाटलं, आमचं बोलणं तुला चालायचं नाही. मग जेवढं नीट येतंय तेवढंच बोलत गेलो."

"विचारायचं तरी."

"व्हय," तो म्हणाला. "विचारायचं ऱ्हाऊनच गेलं."

छावणीतल्या बाईंना फोन मीच केला. त्या थोड्या हिरमुसल्या, मग म्हणाल्या, "तुमचे मिस्टर चहा सोडून उठले, तेव्हाच मला वाटलं होतं." संस्थेतल्या मुलीनं त्यांच्यासाठी दुसरी कुत्री बघून दिली.

त्यानंतर आमच्या घरात फार बोलणं सुरू झालं असं काही नाही. माझ्याशी गावच्या बोलीत बोलायला तो बिचकतो, दोन वाक्यं बोलतो आणि परत पुस्तकात शिरतो. ओट्यावर मात्र त्याची गाडी सुसाट सुटते, आणि अजूनही कधीकधी मला तिचा हेवा वाटतो. फरक इतकाच की आता मी नळ सोडत नाही. खिडकीतूनच विचारते, "मग पुढं काय झालं विहिरीत?" आणि तो सांगतो. कुत्रीला सांगतो, पण आवाज जरा वाढवून.

अलीकडं मी स्वयंपाकाला लागले की ती ओट्यावरून उठून आत येते आणि माझ्या पायाशी पसरते. परवा नवरा दारात येऊन उभा राहिला. तिला हाक मारली. तिनं शेपूट हलवली, पण उठली नाही.

"काय खाऊ घालतीस हिला चोरून?" त्यानं विचारलं. तोंड खरंच उतरलं होतं.

"काही नाही," मी म्हणाले आणि पोळी लाटत राहिले. मला फार बरं वाटलं.